दुसरा साक्षीदार

सोमवारी लर्विकच्या कोर्टात अकरा फायली.
सात दारूच्या, दोन मेंढ्यांच्या,
एक बोटीचं इंजिन चोरल्याची,
आणि एक रूना इसबिस्टरची,
जी मी शनिवारपासून पिशवीतून काढली नाहीये.

या बेटांवर सरकारी वकील मी एकटीच.
माझ्यावरचे साहेब ॲबर्डीनला,
मध्ये बारा तासांचा समुद्र.
बोट आली तर साक्षीदार येतात,
नाही आली तर पुढची तारीख.
वाऱ्यावर समन्स बजावता येत नाही,
एवढा एक मुद्दा मी आणि बचावाचे वकील
न भांडता मान्य करतो.

अभिमानाचं काही नाहीच असं नाही.
मासळीच्या कारखान्यात आर्विड होता, लाटव्हियाचा,
कापणीच्या यंत्रात तीन बोटं गेली.
मालकाचे वकील चार, विमानानं आले.
तो म्हणाला, मला नाही भांडायचं, बाई,
मला परत कामावर घ्या म्हणावं.
मी म्हटलं, तू भांडूच नकोस.
कागदावर बघ, फिर्यादी म्हणून तुझं नावच नाही,
भांडतंय ते सरकार, आणि सरकारला घरभाडं भरायचं नसतं.
जिंकलो.
त्यानं हात मिळवला, उरलेल्या दोन बोटांनी.
ती पकड अजून आहे तळव्यात.

आणि एकदा, म्हाताऱ्या हॅलक्रोच्या खटल्यात
पोलिसांच्या डायरीत एक ओळ सापडली मला,
की त्या दुपारी तो गाय घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे होता.
ती ओळ मी स्वतः समोरच्या वकिलाला नेऊन दिली.
माझा खटला माझ्याच हातानं बुडवला.
त्या रात्री गाढ झोपले.

आता रूना.
चौदा महिने तिची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर,
दोनदा तिचं नाव चुकीचं टाईप झालेलं.
दोन तास बोलली ती माझ्यासमोर, रडली नाही.
उतू गेलेल्या दुधाचा वास सांगितला,
दाराची कडी वरची की खालची ते सांगितलं.
मी विश्वास ठेवला. शब्दन् शब्दावर.
पण आमच्या कायद्याला दोन मुखं लागतात,
एका तोंडची साक्ष म्हणजे अर्धी साक्ष,
आणि येल बेटावरच्या त्या घरात दुसरं कोण?
एक कुत्रा, एक वारा,
शेजारी मैलभर लांब, तोही बहिरा.

एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात.
थोबाडीत मात्र एकाच हाताची बसते.

पत्राचा मसुदा संगणकात तयार असतो.
‘पुरेशा पुराव्याअभावी’ हे आधीच छापलेलं,
आपण फक्त नाव भरायचं.
मी इसबिस्टर तीनदा तपासून लिहिलं
आणि टपालात न टाकता घेऊन निघाले.
असं करायचं नसतं, माहीत आहे.

येलला जायला वीस मिनिटांची फेरी.
धक्क्यावर गाड्या चढवायला तोच उभा, तिचा नवरा,
पिवळ्या जाकिटात.
हातानं खुणावत: या, या, अजून थोडं, डावीकडे. बस.
चाकाखाली लाकडाची पाचर सारली त्यानं,
काचेवर हलकंच टकटक करून म्हणाला,
वादळ येतंय, लवकर परता.
माणूस कामाला चोख आहे,
हेही फाईलमध्ये कुणीतरी लिहिलंय.

रूना बहिणीकडे राहते आता.
पाकीट तिनं उघडलं नाही,
माझ्या चेहऱ्यावरच वाचलं असावं.
म्हणाली, मी सांगितलं तेव्हा तू होतीस ना तिथं?
ऐकलंस ना सगळं?
मग दुसरी तू नाहीस का?

याचं उत्तर मला परीक्षेत लिहिता येईल,
कलमासकट.
तिच्या स्वयंपाकघरात नाही आलं.
तिनं मला चहा दिला. मी प्यायले.

परतीच्या बोटीला मी शेवटची गाडी.
वारा वाढलेला.
त्यानं हात वर केला: या, या, अजून थोडं.
आणि मी, सरकार,
त्याच्या हाताकडे बघत
गाडी पुढे घेतली.